महेंद्र उबाळ्यांची धडधड

आपल्याला हृदय आहे, ही गोष्ट महेंद्र उबाळ्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी समजली. तोवर ते बिचारं छातीत गुपचूप आपलं काम करत होतं, उबाळे अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात अकाउंट्सचं काम करत होते, आणि दोघांनी एकमेकांना कधी त्रास दिला नव्हता. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या प्रीतीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, वाढदिवसाला त्यांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलं आणि या सुखी संसारात तिसरा माणूस शिरला.

घड्याळ चुगलखोर निघालं. उबाळे जिना चढून आले की ते थरथरायचं आणि सांगायचं, ठोके वाढलेत. उबाळे घाबरायचे. घाबरल्यावर ठोके आणखी वाढायचे. मग ते पाणी पिऊन पंख्याखाली बसायचे, तर घड्याळ म्हणायचं, 'तुम्ही बराच वेळ बसून आहात, थोडं चाला.' एकदा साहेब केबिनमध्ये बोलावून झापत असताना मनगटावर सूचना उमटली, 'तुम्ही तणावात आहात. दीर्घ श्वास घ्या.' उबाळ्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. साहेबांना तो उद्धटपणा वाटला. मेमो मिळता मिळता राहिला.

एरवी हेही चाललं असतं. माणूस सुनेची सवय करून घेतो, घड्याळाची का नाही करणार? पण मार्च लागला होता आणि पुढ्यात आंबेडकर जयंती होती.

जयंतीच्या मिरवणुकीत विहाराचं लेझीम पथक निघतं. त्या पथकाच्या पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, निळा फेटा बांधून आणि गळ्यात शिट्टी अडकवून उबाळे असतात. आता यात एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. तर वर्षभर उबाळ्यांचं कुणी ऐकत नाही. ऑफिसात साहेब ऐकत नाहीत, घरात टीव्हीचा रिमोट ऐकत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला उभे राहिले की लोकांना नेमका चहा आठवतो. पण जयंतीच्या संध्याकाळी त्यांनी शिट्टी फुंकली की अख्खी पलटण एका दमात खाली बसते, दुसरी फुंकली की उठते. त्या एका संध्याकाळच्या जोरावर उबाळे बाकीचं वर्ष काढतात.

आणि नेमकं त्यावरच गंडांतर आलं. त्यांची बायको संजीवनी नगरपालिकेच्या बालवाडीत शिकवायची. साठ पोरांना एका नजरेत गप्प बसवणाऱ्या बाईपुढे नवऱ्याचं काय चालणार! सारखं थरथरणारं ते मनगट बघून तिनं निकाल दिला.

"आधी डॉक्टरांना छाती दाखवा. मगच लेझीम. नाहीतर यंदा शिट्टी माझ्या कपाटात राहील."

"अगं, मला काही होत नाही."

"मग दाखवायला काय होतंय?"

या प्रश्नाला उबाळ्यांकडे उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. उबाळे डॉक्टरला भीत होते. इंजेक्शनला नाही, निकालाला. त्यांच्या आधी पथकाची शिट्टी हरिचंद्रकाकांकडे होती. काका सहज म्हणून तपासायला गेले आणि 'दगदग नको' असं कागदावर लिहून घेऊन आले. तेव्हापासून ते मिरवणूक गॅलरीतून बघतात. डॉक्टरनं एकदा नको म्हटलं की संपलं, घड्याळाशी निदान भांडता तरी येतं, असा उबाळ्यांचा हिशेब होता. रात्री कूस बदलताना छातीत जरा काही हललं की ते दिवा लावून बसायचे, आणि सकाळी उठून ते डॉक्टर सोडून जगातल्या प्रत्येकाचा सल्ला घ्यायचे.

सल्ल्यांचं मुख्य केंद्र समोरच्या दारात होतं. धर्मराज भोईर मूळचे बदलापूरकडच्या शेतकरी घरातले, आता निवृत्त. त्यांना कुठल्याही विषयाची अर्धी माहिती असायची आणि उरलेली अर्धी ते समोरच्याचं तोंड बघून ठरवायचे. त्यांनी उबाळ्यांचं मनगट हातात घेतलं, घड्याळ दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन भाजीच्या टोपलीतला दुधी उचलून आणला.

"भोईरभाऊ, तो संध्याकाळचा आहे," संजीवनी म्हणाली.

"वैनी, खात नाय मी त्याला. टेस्ट करतो." भोईरांनी घड्याळ दुधीच्या मानेला आवळून बांधलं. सगळे श्वास रोखून बघत राहिले. हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडा उमटला. दुधीची नाडी अगदी झकास चालली होती.

"बग! दुधीची तब्बेत तुज्यापेक्षा बरी हाय!" भोईर म्हणाले. "महेंद्र, तुजा घड्याळ खोटा बोलतो. मी काय बोलतो, लेटेस्ट घे. ईसीजीवाला. कागद काढून वैनीच्या हातात दे, विषय कट."

उबाळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा बाहेर आला. घड्याळ खोटं असेल तर वाढलेले ठोके खोटे, हे छान झालं. पण मग मधूनमधून जे ठोके ठीक दाखवत होतं तेही खोटेच की! म्हणजे आत नेमकं काय चाललंय हे कुणालाच ठाऊक नाही. दुधीच्या भरवशावर किती दिवस काढणार?

पुढचा आठवडा 'घ्यावं की न घ्यावं' यात गेला. ऑफिसातला एक जण म्हणाला, थांबा, नवीन मॉडेल येतंय. दुसरा म्हणाला, नवीन आलं की ते जुनंच होतं, घेऊन टाका. तळमजल्यावरच्या वेणूबाई म्हणाल्या की त्यांच्या भाच्याला असं घड्याळ घातल्यापासून झोपच येत नाही, कारण ते सकाळी झोपेचे मार्क देतं आणि तो रोज नापास होतो. प्रीतीनं फोनवर सांगितलं, "पप्पा, डॉक्टरकडे जा ना, यार." उबाळ्यांनी नेटवर्क खराब असल्याचं सांगून फोन ठेवला. जेवता जेवता ते मध्येच घास थांबवून छातीवर हात ठेवायचे, आणि संजीवनी ताटावरून त्यांच्याकडे बघत राहायची.

शेवटी एका रविवारी भोईर त्यांना उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये घेऊन गेले. तिथं एका बोळात हरेशचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागं हरेश आणि त्याच्यामागं छतापर्यंत खोकी. हरेशनं दोघांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि उबाळ्यांच्या मनगटाकडे बघून हळहळला.

"साईं, ये तो बच्चों का खिलौना है. तुम्हाला ना, हे पायजे." त्यानं काळी डबी उघडली. "लेटेस्ट! ईसीजी है, ऑक्सिजन है, गिरने का अलार्म है. तुम्ही पडला, तो ये खुद फोन करेगा."

"कुणाला?" उबाळ्यांनी विचारलं.

"जिसको बोलोगे उसको. बेशुद्ध झाला तरी टेन्शन नाय."

बेशुद्ध हा शब्द ऐकून उबाळ्यांच्या मनगटावरचं जुनं घड्याळ थरथरलं. तेवढ्यात हरेशनं त्यांचा फोन मागितला, मागून पुढून पाहिला आणि मान हलवली. हे घड्याळ या फोनला जुळणार नाही. फोनही नवा लागेल.

घड्याळ घ्यावं की नाही हेच ज्या माणसाला आठवडाभर ठरवता आलं नव्हतं, त्याच्यापुढे आता फोनही येऊन बसला. उबाळे उठायला लागले. भोईरांनी त्यांना पुन्हा स्टुलावर बसवलं, कारण चहा अजून यायचा होता. मग एक्सचेंजची गोष्ट निघाली. जुनं घड्याळ द्या, नव्यात सूट घ्या. पण जुन्याचं बिल प्रीतीच्या नावावर, ओटीपी प्रीतीच्या फोनवर आणि प्रीती पुण्यात घराच्या साफसफाईत. तिनं ओटीपी सांगेपर्यंत तो संपायचा. दुसरा मागवला की फोन तिच्या मैत्रिणीच्या हातात. तिसऱ्या वेळी ती ओरडली, "पप्पा, मी गिफ्ट दिलेलं घड्याळ विकताय तुम्ही?" उबाळे कानकोंडे झाले. त्या लाजेतच त्यांनी एक्सचेंज सोडून दोन्ही वस्तू घेतल्या. हरेशनं वरून एक कव्हर फुकट दिलं. ते तिसऱ्याच फोनचं होतं, हे घरी आल्यावर कळलं.

घरी घड्याळ चालू झालं आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, 'आणीबाणीत कुणाला कळवायचं?'

समजदार माणसानं इथं एक नाव घातलं असतं, फार तर दोन. पण आपल्याकडे बोलावण्याच्या यादीत एक नाव घातलं की दुसरं का नाही, याचा जाब द्यावा लागतो. उबाळ्यांनी संजीवनीचं नाव टाकलं, मग प्रीतीचं. शेजारी बसलेल्या भोईरांनी घसा खाकरला. त्यांचं टाकलं. मग बदलापूरचा मेहुणा मिलिंद आठवला. लग्नपत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून एकदा त्यानं बोलणं टाकलं होतं, आता आणीबाणीतून वगळलं तर विचारायलाच नको. मग विहार कमिटीचे अध्यक्ष, आणि अध्यक्ष आले म्हणून खजिनदार. मग साहेब, म्हणजे रजेचा अर्ज वेगळा करायला नको. ही बातमी जिन्यातून खाली गेली आणि वेणूबाई कंबरेवर हात ठेवून दारात आल्या.

"सगळ्यांना घातलं म्हणे त्या घड्याळात. आणि आम्ही काय मेल्यावरच यायचं का?"

वेणूबाईंनाही घातलं. यंत्र दरवेळी 'आणखी कुणी?' असं विचारत होतं आणि उबाळ्यांना नाही म्हणणं जमत नव्हतं.

ईसीजीचं मात्र काही जमेना. बोट कडेला टेकवून स्वस्थ बसायचं, की घड्याळ निकाल सांगणार. उबाळे देवाब्राह्मणाच्या भानगडीत न पडणारे बौद्ध गृहस्थ, पण त्या घड्याळापुढे ते असे हात धरून बसायचे की कुणाला वाटावं आता हे काहीतरी मागणार. बोट थरथरायचं आणि घड्याळ म्हणायचं, 'निष्कर्ष निघत नाही. पुन्हा प्रयत्न करा.' सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. एवढ्या महाग यंत्रालाही आपल्या हृदयाचं काही कळत नाही म्हटल्यावर उबाळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता शिट्टी जाणार, हे त्यांनी मनाशी जवळजवळ मान्य केलं. तरीही डॉक्टरकडे जायचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि संजीवनी शाळेत असताना तिच्या कपाटातली शिट्टी काढून ते सरावाला गेले.

विहारासमोरच्या मैदानात संध्याकाळी फेटे बांधून सराव रंगला. ढोल लागला, ताशा लागला, आणि उबाळे सगळं विसरले. लेझमीत एक वळसा असा असतो की हात वर जातो, झटक्यानं खाली येतो आणि माणूस एकदम गुडघ्यावर बसतो. उबाळ्यांचा हा हातखंडा. त्यांनी तो घेतला. घड्याळानं इतक्या जोरात खाली आलेला हात आणि बसकण मारलेला माणूस पाहून जे समजायचं ते समजलं. ते थरथरलं, 'तुम्ही पडलात का?' उबाळ्यांना वाटलं, अंगात जोश आलाय. त्यांनी तोच वळसा पुन्हा घेतला. मग घड्याळानं कुणालाही न विचारता सगळ्यांना कळवलं.

आधी ढोलवाल्याच्या शेजारी उभे असलेले अध्यक्ष आणि खजिनदार एकदम खिशात हात घालून दचकले. समोर उबाळे नाचताहेत आणि फोन म्हणतोय पडलेत! त्यांनी फोनवर जास्त विश्वास ठेवला आणि ढोल थांबवला. मग गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. त्या वेणूबाई होत्या. बातमी खरी की खोटी हे बघण्यात त्यांनी वेळ घालवला नव्हता. त्यांच्यामागून भोईर, कानाला फोन लावून, "हां, ॲम्ब्युलन्स, लवकर, पेशंट शीरियस हाय!" साहेबांचा फोन आला की उद्याचं जीएसटीचं काम कोण करणार. बदलापूरहून मिलिंद म्हणाला, मी निघालोय, हलवू नका.

आणि सगळ्यांच्या मागून संजीवनी आली. तिसऱ्या मजल्यावरून ती तशीच धावत आली होती, पायात चप्पल नव्हती, हाताला कणीक होती. उबाळ्यांना उभं बघून ती मैदानाच्या मधोमध थांबली. फेट्यापासून पायापर्यंत तिनं त्यांना नजरेनं तपासलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"अगं, मी ठीक आहे," उबाळे म्हणाले. "ते घड्याळ…"

तोवर ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर म्हणाला, कॉल पडलाय, पेशंटशिवाय गाडी परत गेली तर मला उत्तर द्यावं लागतं. भोईर म्हणाले, "बस ना महेंद्र, आलीच हाय तर." अशा रीतीनं, निळा फेटा डोक्यावर आणि लेझीम पोटावर, उबाळे अख्ख्या वस्तीसमोर स्ट्रेचरवर आडवे झाले. इतकी मोठी मिरवणूक त्यांच्यासाठी याआधी कधी निघाली नव्हती.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

"मीच," स्ट्रेचरवरून उठून चालत आलेले उबाळे म्हणाले.

"मग आडवे व्हा ना, काका. उभ्या पेशंटचा इमर्जन्सीचा पेपर नाही बनत."

ते पुन्हा आडवे झाले. छातीला वायरी लागल्या. ज्या क्षणाला ते महिनाभर चुकवत होते तो असा फेट्यासकट समोर आला. छताकडे बघत ते नुसते घाबरून पडून राहिले. डॉक्टरांनी कागद वरून खाली वाचला.

"ईसीजी नॉर्मल आहे. लेझीम खेळता का? खेळा की. चांगला व्यायाम आहे."

एवढंच! उबाळ्यांना रडू येईल असं वाटलं. ते आनंदानं संजीवनीकडे वळले, तर ती भिंतीला टेकून उभी होती. पदरानं घाम पुसत होती आणि घाम थांबत नव्हता. नर्सनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उबाळ्यांना म्हणाली, "काका, तुम्ही उठा. काकींना झोपू दे इथे."

दंडाला पट्टा बांधला गेला. नर्सनं आकडा पाहिला, डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी स्वतः पुन्हा मोजला. उबाळ्यांसाठी त्यांनी काहीच पुन्हा केलं नव्हतं.

"बीपी खूप वाढलंय. डोकं दुखतं का? कधीपासून?"

"दुखतं थोडं," संजीवनी म्हणाली. "झाले दोन-तीन महिने. यांचं एकदा मिटलं की बघू म्हटलं."

उबाळे फेटा हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्या घरात महिनाभर नाडीशिवाय विषय नव्हता. दुधीचीसुद्धा नाडी बघून झाली होती. संजीवनीची कुणी बघितली नव्हती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ती लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, 'दगदग नको' लिहिलेला कागद घरी आला. उबाळ्यांनी नवं घड्याळ तिच्या मनगटाला बांधून पाहिलं. "काढा हो, चावतं मला," म्हणून तिनं ते काढलं. हरेश म्हणाला, "साईं, वापस नहीं होता, एक्सचेंज होता है," आणि आणखी नवं मॉडेल दाखवायला लागला. उबाळे तिथून पळाले. नर्सकडून त्यांनी दोन बोटांनी नाडी बघायला शिकून घेतलं होतं. आता ते सकाळ-संध्याकाळ बायकोचा हात धरून बसायचे. चाळिशीनंतर पहिल्यांदाच, असं वेणूबाईंनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं.

जयंतीला उबाळ्यांनी शिट्टी अध्यक्षांच्या हवाली केली आणि सोसायटीच्या गेटपाशी संजीवनीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. शिट्टी विनीत नावाच्या जवान पोराकडे गेली होती. पोरगं चांगलं होतं, पण ठेका पळवत होतं. वळणावर मिरवणूक दिसायच्या आधी उबाळ्यांना ते ऐकू आलं. त्यांनी दात आवळले आणि संजीवनीचं मनगट घट्ट धरलं.

"किती आहेत?" तिनं विचारलं.

"बोलू नकोस. मोजतोय."

मिरवणूक जवळ आली. निळे झेंडे, ढोल, लेझमीची छनछन. उबाळे मोजत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला.

"संजू, वाढलेत गं! फार जोरात पडताहेत! चल वर, डॉक्टरांना फोन लावतो."

संजीवनीनं आपला हात सोडवून घेतला. "अहो, माझे नाही वाढले. तुम्ही ताशा मोजताय. बोटं बघा तुमची."

उबाळ्यांनी पाहिलं. त्यांची दोन बोटं हवेत ताशाबरोबर नाचत होती.

"जा," ती म्हणाली.

"तुला काही झालं तर?"

"तर हाक मारीन. साठ पोरं ऐकतात माझी हाक, तुम्हाला नाही ऐकू येणार?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "वर्षभर तुम्ही कशालाही घाबरता. ऑफिसला, साहेबाला, घड्याळाला. ही एकच संध्याकाळ मला तुम्ही न घाबरलेले बघायला मिळता. तेवढी नका घेऊ माझी."

उबाळे उठले. विनीतनं त्यांना येताना पाहिलं आणि मुकाट शिट्टी काढून दिली. शिट्टी वाजली, ठेका जागेवर आला, पलटण एका दमात खाली बसली. पण उठता उठता उबाळ्यांना राहवलं नाही. त्यांनी मान वळवून गेटकडे पाहिलं. ती बसलेली आहे ना? आहे. पुढचा वळसा, पुन्हा मान मागे. पथकाला पुढच्याचं बघून करायची सवय. पहिल्या रांगेनं मान वळवली, दुसरीनं वळवली, आणि थोड्याच वेळात अख्खी पलटण दर वळशाला एकदम गेटकडे वळून संजीवनीला बघायला लागली. लोकांना वाटलं, उबाळ्यांनी यंदा नवा डाव बसवलाय. टाळ्या पडल्या. खुर्चीत संजीवनीला हसू आवरेना, वेणूबाई घाबरून पाणी आणायला धावल्या, आणि ती दोन्ही हात उंच करून ओरडत होती, "अहो, पुढे बघा!"